कोल्हापूर महानगरपालिकेचे आर्थिक विकास व पर्यटनविषयक कार्य

कोल्हापूर महानगरपालिका ही महाराष्ट्रातील कोल्हापूर शहराची स्थानिक स्वराज्य संस्था आहे. बाजारपेठा, रस्ते, वाहनतळ, पाणीपुरवठा, तलाव, नाट्यगृह व शहर वाहतूक या सेवांद्वारे ती शहराच्या व्यापाराला आणि पर्यटनाला आधार देते. अंबाबाई मंदिर, विमानतळ आणि मोठ्या औद्योगिक वसाहती यांचे व्यवस्थापन मात्र अन्य संस्थांकडे आहे. त्यामुळे पर्यटकांमुळे पडणारा नागरी सेवांचा भार महानगरपालिकेवर असला, तरी त्यातून होणाऱ्या उलाढालीचा मर्यादित भागच तिच्या तिजोरीत येतो.

कायदेशीर चौकट

कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १८५४ मध्ये झाली. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार तिचा कारभार चालतो. या अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक, तर कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये दिली आहेत. भारतीय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन, उद्याने आणि सांस्कृतिक बाबींना प्रोत्साहन हे विषय आहेत. पर्यटन हा स्वतंत्र विषय म्हणून त्यात नाही. परिणामी पर्यटनावरील खर्च बहुधा रस्ते, स्वच्छता, वाहनतळ व उद्याने या नागरी सुविधांच्या अंगाने होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शहराच्या आर्थिक रचनेचा पाया संस्थानकाळात घातला गेला. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्ग सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि ती गुळाच्या व्यापाराचे केंद्र बनली. १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागून असलेले पॅलेस थिएटर (आताचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह) याच राजवटीत उभे राहिले.

व्यापार आणि उद्योग

लक्ष्मीपुरी व कपिलतीर्थ येथील मंडया शहराच्या दैनंदिन व्यापारात महत्त्वाच्या आहेत. महानगरपालिकेच्या मालकीचे दुकानगाळे हे तिच्या करेतर उत्पन्नाचे साधन आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण करणे, त्यांना परवाने देणे आणि फेरीवाला क्षेत्रे निश्चित करणे या जबाबदाऱ्या स्थानिक संस्थेवर आल्या. महाद्वार रोड व मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत भाविकांची वाट मोकळी ठेवणे आणि विक्रेत्यांची उपजीविका टिकवणे यांत सतत ताण असतो.

शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्पादनांपैकी कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये, तर कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चपलेचे मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी ४ जिल्ह्यांसाठी आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला मूळ परंपरेचा उल्लेख न करता सादर केल्यावर वाद झाला आणि कारागिरांच्या हक्कांची चर्चा देशभर झाली.

ओतकाम व यंत्रभाग निर्मितीची सुरुवात शहरातील शिवाजी उद्यमनगर परिसरात झाली. पुढे हा उद्योग गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल–हातकणंगले येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत विस्तारला. या वसाहती शहराच्या हद्दीबाहेर असल्याने त्यांचा मालमत्ता कर महानगरपालिकेला मिळत नाही.

हद्दवाढीचा प्रश्न

महानगरपालिकेचे क्षेत्रफळ ६६.८२ चौ. किमी असून २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. १९७२ नंतरच्या पहिल्या ५० वर्षांत शहराची हद्द वाढली नाही. हद्दवाढीच्या समर्थकांच्या मते लगतच्या गावांतील रहिवासी शहराच्या सेवा वापरतात, म्हणून त्यांचा कर शहराला मिळाला पाहिजे. कर वाढेल, शेतजमिनींवर आरक्षणे पडतील आणि ग्रामपंचायतीचे अधिकार जातील, अशी विरोधी गावांची भूमिका आहे. या वादावर मध्यममार्ग म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये शहरालगतच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले.

पर्यटन

अंबाबाई मंदिर परिसर

अंबाबाई (महालक्ष्मी) मंदिराचे व्यवस्थापन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. मंदिराबाहेरील रस्ते, स्वच्छता, पाणी व वाहनतळ यांची जबाबदारी महानगरपालिकेची आहे. बांधकाम नियमनाचाही मंदिराशी थेट संबंध येतो. किरणोत्सवात मावळतीची किरणे महाद्वाराच्या दिशेने गाभाऱ्यात येत असल्याने त्या मार्गातील इमारती व अन्य अडथळ्यांवर नियंत्रण ठेवावे लागते.

तीर्थक्षेत्र विकास आराखड्याच्या सुमारे ८० कोटी रुपयांच्या पहिल्या टप्प्यात वाहनतळ व यात्री सुविधांची कामे महानगरपालिकेमार्फत हाती घेण्यात आली. ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत मंदिरासाठी १,४४५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा आराखडा मंजूर झाला. दाट वस्तीच्या परिसरामुळे भूसंपादन आणि स्थानिक रहिवासी व दुकानदारांचे पुनर्वसन हे अशा आराखड्यांतील कळीचे मुद्दे आहेत.

रंकाळा आणि पंचगंगा

रंकाळा तलाव व त्याकाठची चौपाटी हे शहरातील प्रमुख विहारस्थळ आहे. तलावात मिसळणारे सांडपाणी, जलपर्णी आणि शेवाळ यांमुळे त्याच्या संवर्धनावर वारंवार खर्च करावा लागला. पंचगंगा नदीचे प्रदूषण रोखण्यासाठी कसबा बावडा येथे प्रतिदिन ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले. २०१९ व २०२१ च्या महापुरांत शहराच्या सखल भागांतील घरे व व्यापारपेठा पाण्याखाली गेल्या.

नाट्यगृह आणि स्मारके

महानगरपालिकेच्या मालकीचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत भस्मसात झाले. खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही आगीची झळ बसली. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. तत्पूर्वी महानगरपालिकेने नर्सरी बाग येथे शाहू महाराजांचे समाधिस्थळ विकसित केले होते; त्याचे लोकार्पण जानेवारी २०२० मध्ये झाले.

पायाभूत सुविधा

महानगरपालिकेचा परिवहन उपक्रम (केएमटी) १९६२ पासून शहर बससेवा चालवतो. काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किमी लांबीच्या थेट जलवाहिनीचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात पोहोचले.

रस्तेविकासाचा अनुभव वादग्रस्त ठरला. एकात्मिक रस्तेविकास प्रकल्पांतर्गत सुमारे ५० किमी रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर खासगी कंपनीकडून करून घेण्यात आले आणि २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय आंदोलन झाले. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाक्यांची जाळपोळ झाली. अखेर राज्य शासनाने टोल रद्द करून कंपनीला भरपाई देण्याचा मार्ग स्वीकारला. शहरांतर्गत रस्त्यांचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न या आंदोलनाने राज्यभर चर्चेत आणला.

वित्त आणि मर्यादा

जकात हे पूर्वी महानगरपालिकेच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते आणि ते शहरातील मालाच्या आवकीशी थेट जोडलेले होते. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून शासनाच्या भरपाई अनुदानावरील अवलंबित्व वाढले. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी शुल्क व गाळेभाडे ही स्वतःच्या उत्पन्नाची प्रमुख साधने उरली. निवास व भोजनव्यवसायावरील वस्तू व सेवा कर महानगरपालिकेला थेट मिळत नाही. त्यामुळे यात्रेकरूंची संख्या वाढली, तरी तिचे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढत नाही.

२०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला आणि विकासकामांचे निर्णय अनेक वर्षे निर्वाचित सभागृहाविना घेतले गेले.

हेही पाहा

कोल्हापूर जिल्हा
राजर्षी शाहू महाराज
रंकाळा तलाव
कोल्हापुरी चप्पल