मार्कशीटवर टक्केच नाहीत, नुसतं ७.३८ लिहिलंय! मग मार्क किती पडले?

कॉलेजचा निकाल मोबाईलवर आला की घरातून पहिला प्रश्न येतो, "किती टक्के?" आणि मार्कशीटवर तर टक्के नसतातच. असतात एसजीपीए आणि सीजीपीए. एसजीपीए एका सेमिस्टरचा, सीजीपीए आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचा.

यूजीसीच्या १० गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाला क्रेडिटही असतात. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन.

समजा, ४ क्रेडिटचे तीन विषय आहेत, त्यात ए, बी प्लस आणि सी मिळाले. २ क्रेडिटचे दोन, त्यात ओ आणि ए प्लस. आता प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेडचे गुण करा: ३२, २८, २०, २० आणि १८. बेरीज ११८. एकूण क्रेडिट १६. ११८ भागिले १६, म्हणजे ७.३८. बरीच पोरं इथंच फसतात. पाच ग्रेडची सरळ सरासरी काढली तर ७.८ येते, पण ती चुकीची. २ क्रेडिटच्या विषयातला ओ ग्रेड ४ क्रेडिटच्या विषयाची कसर भरून काढत नाही.

सीजीपीएलाही तोच नियम. पुढच्या सेमिस्टरला २० क्रेडिटवर ८ आले, तर ११८ अधिक १६० म्हणजे २७८, भागिले ३६. उत्तर ७.७२.

एटीकेटी लागली तर? यूजीसीच्या सूत्रात गुण शून्य, पण क्रेडिट भागाकारात राहतात. वरच्या उदाहरणात सीच्या जागी एफ असता तर एसजीपीए ६.१३ वर आला असता. काही विद्यापीठं तर विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत.

आता टक्के. सेतू केंद्रात फॉर्म भरताना कुणीतरी सांगतं, "९.५ नं गुणा." हा आकडा सीबीएसईच्या जुन्या दहावीच्या निकालाचा, कॉलेजच्या मार्कशीटचा नव्हे. ७.७२ ला १० नं गुणलं तर ७७.२ टक्के, ९.५ नं गुणलं तर ७३.३४, आणि काही ठिकाणी ०.७५ वजा करून १० नं गुणतात, तसं केलं तर ६९.७. ज्या फॉर्मला ७० टक्क्यांची अट आहे, तिथं एवढ्यानं पात्र की अपात्र ठरतं. म्हणून मार्कशीटच्या मागच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात दिलेलं सूत्रच वापरा. तिथं नसेल तर कॉलेजच्या ऑफिसातून टक्केवारीचा दाखला मागून घ्या. अंदाजानं भरलेले टक्के कागदपत्रं तपासताना जुळले नाहीत, तर अर्ज बाद होऊ शकतो.