अनामिक साउंड कार्डची ओळख : साधने आणि त्यांचे प्रामाण्य

१

जुन्या संगणकाची पेटी उघडली असता आत पुष्कळदा असे एखादे साउंड कार्ड आढळते की, ज्यावर कर्त्याचे नाव नाही, असलेल्या अंकांचा अर्थ लागत नाही, आणि सोबतची पुस्तिका व फ्लॉपी केव्हाच गहाळ झालेल्या असतात. हे कार्ड कोणाचे, केव्हाचे व कोणत्या कुळातले, हा प्रश्न वरवर पाहता हौशी संग्राहकाचा वाटेल. वस्तुतः तो इतिहाससंशोधनाचाच प्रश्न आहे. कर्ता अज्ञात, काल अज्ञात आणि हाती एकच अवशेष, अशा स्थितीत मितीवाचून सापडलेल्या कागदाचा अभ्यासक जे करतो तेच येथे करावे लागते.

या ओळखीवर काय अवलंबून आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. ओळख पटली नाही तर कार्ड चालविणारा ड्रायव्हर मिळत नाही आणि कार्ड मुके राहते. परंतु याहून मोठी हानी ओळख चुकल्याने होते. १९८७ नंतरच्या सात-आठ वर्षांत वैयक्तिक संगणकावरील खेळांसाठी रचलेले बरेचसे संगीत ध्वनिमुद्रित नव्हते. ते चिपला द्यावयाच्या आज्ञांच्या रूपात होते. प्रत्यक्ष स्वर चिपच निर्माण करीत असे. त्यामुळे चिप बदलली की तीच आज्ञावली निराळी ऐकू येते. अमुक रचना तिच्या काळी कशी ऐकू येत होती, हे सांगणाऱ्याने ती कोणत्या चिपवर वाजविली, हे अगोदर सिद्ध केले पाहिजे.

२

कार्डे अनामिक का राहिली, याचे उत्तर त्या धंद्याच्या इतिहासात आहे. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात ध्वनीसाठी एका लहानशा स्पीकरपलीकडे काही नव्हते. १९८७ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथील अ‍ॅड लिब या कंपनीने आपले संगीतकार्ड बाजारात आणले. तिचे संस्थापक मार्तँ प्रेव्हेल हे लाव्हाल विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक होते. या कार्डाचा प्राण म्हणजे यामाहा कंपनीची वायएम ३८१२ ही चिप. तिलाच ओपीएल-२ असे म्हणतात. ही चिप अ‍ॅड लिबची स्वतःची नव्हती, हीच पुढील घडामोडींची गुरुकिल्ली होय. जी चिप एकाला विकत मिळते ती दुसऱ्यालाही मिळते.

त्याच वर्षी सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने क्रिएटिव्ह म्युझिक सिस्टिम हे कार्ड काढले. त्यात फिलिप्सच्या एसएए १०९९ या दोन चिपा होत्या. १९८९ मध्ये त्याच कंपनीचे साउंड ब्लास्टर आले. अ‍ॅड लिबशी जुळणारी यामाहा चिप, ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्याची सोय आणि जॉयस्टिकची जोडणी ही तिन्ही त्यात एकत्र झाली. १९९२ मध्ये अ‍ॅड लिबचे दिवाळे निघाले. तेव्हापासून कार्ड साउंड ब्लास्टरशी जुळते की नाही, एवढीच विचारणा ग्राहक करू लागला. पुढे बहुतेक सर्व मंडल एकाच चिपमध्ये मावू लागले. चिप विकणारी कंपनी नमुन्याचा आराखडाही देत असे. मग तो छापून भाग जोडणे कोणत्याही कारखान्याला शक्य झाले. अशा मालावर स्वतःचे नाव घालण्यात कारखानदाराला लाभ नव्हता, कारण ज्या नावावर माल खपत होता ते दुसऱ्याचेच होते. सारांश, कार्डाचे अनामिकत्व हा केवळ काळाचा आघात नव्हे. श्रमविभागणीची ती खूण आहे.

३

आता साधनांकडे वळू. पहिले साधन कार्डाची घडण. आयबीएमच्या मूळ जोडणीत, म्हणजे आठ बिटांच्या आयएसए कार्डात, खाचेत बसणारे संपर्कबिंदू ६२ असतात. १९८४ च्या सोळा बिटांच्या वाढीव जोडणीत ते ९८ झाले. १९९२ मध्ये इंटेलने पुढे केलेल्या पीसीआय जोडणीची ठेवणच निराळी आहे. कार्डावर पॅनासॉनिक, मित्सुमी व सोनी या तीन कंपन्यांच्या सीडी-चालकांसाठी वेगवेगळ्या जोडण्या दिसल्या, तर ते १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले समजावे. पुढे एकच सर्वमान्य जोडणी रूढ होऊन या तिन्ही मागे पडल्या.

दुसरे साधन चिपांवरील अक्षरे. येथे दोन प्रकारे फसगत होते. सर्वांत मोठ्या चिपवरील नाव हेच कार्डाचे नाव, असा समज साहजिकपणे होतो. परंतु यामाहा, ईएसएस, क्रिस्टल किंवा ऑप्टी हे शब्द चिप कोणाची एवढेच सांगतात. दुसरी फसगत बुद्धिपुरस्सर केलेली आहे. क्रिएटिव्ह म्युझिक सिस्टिममधील फिलिप्सच्या चिपांवर कागद चिकटवून त्यावर ‘सीएमएस ३०१’ असे कल्पित नाव छापलेले होते. पुढे साउंड ब्लास्टरवरील यामाहाची वायएम ३८१२ ही ‘एफएम १३१२’ या नावाने वावरू लागली. प्रतिस्पर्ध्याला घटक ओळखू येऊ नयेत, हा यातील हेतू उघड आहे. म्हणून लेखावर विसंबण्यापूर्वी चिपच्या पायांची संख्या, तिच्या जोडण्या आणि तिचे वर्तन हे लेखाशी जुळते काय, हे तपासले पाहिजे.

तिसरे साधन कालांक. चिपांवर बहुधा चार अंकी संख्या असते. पहिले दोन अंक वर्षाचे व पुढील दोन आठवड्याचे. ९४२२ म्हणजे १९९४ सालचा बाविसावा आठवडा. सर्वांत अलीकडचा कालांक ही कार्डाची पूर्वमर्यादा ठरते. त्याच्या अगोदर कार्ड पुरे झाले नसले पाहिजे. नंतर किती काळाने झाले, हे मात्र त्यावरून कळत नाही. हा नियम डाख दिलेल्या चिपांनाच लागू करावा. सॉकेटमध्ये बसविलेली चिप मागाहून बदललेली असू शकते, आणि हस्तलिखितातील प्रक्षिप्त श्लोकाप्रमाणे ती मूळ वस्तूचा काल चुकीचा दाखविते.

चौथे साधन परवान्याचा क्रमांक. अमेरिकेत विकावयाच्या अशा उपकरणांना तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची मान्यता लागे. तो क्रमांक कार्डावर छापीत, आणि त्याची पहिली तीन चिन्हे मान्यता घेणाऱ्याची असत. उदाहरणार्थ, ‘आय३८’ ही चिन्हे सिंगापूरच्या अझटेक कंपनीची. पॅकार्ड बेल कंपनीच्या संगणकांतील कित्येक कार्डे अझटेकने बनविलेली होती, हे या क्रमांकावरून उघड होते. पेटीवरील नावावरून ते कधीच कळले नसते. मात्र क्रमांक नसणे हा पुरावा जपून वापरावा. १९९६ मध्ये संगणकाच्या उपकरणांसाठी स्वयंघोषणेची सोय झाल्यावर पुष्कळ मालावर हा क्रमांक येईनासा झाला.

४

येथवरची साधने मूक आहेत. कार्ड संगणकात बसवून त्याला प्रश्नही विचारता येतात. षोडशमान पद्धतीतील ३८८ या पत्त्यावर यामाहा-कुळातील चिपची स्थिती वाचता येते, आणि त्या उत्तरातील दोन बिटांवरून ओपीएल-२ व तिची उत्तराधिकारी ओपीएल-३ यांतील भेद कळतो. साउंड ब्लास्टरच्या ध्वनिप्रक्रियकाला आवृत्ती विचारली की मूळ कार्ड १ ने, दुसरी आवृत्ती २ ने, प्रो ३ ने आणि साउंड ब्लास्टर १६ हे ४ ने सुरू होणारा अंक सांगते. १९९३ च्या प्लग अँड प्ले प्रमाणानुसार बनलेली कार्डे तर तीन अक्षरे व चार अंक मिळून स्वतःची ओळख देतात. त्यांतील ‘सीटीएल’ म्हणजे क्रिएटिव्ह व ‘वायएमएच’ म्हणजे यामाहा.

तथापि साक्षीदार बोलका आहे म्हणून तो खरा ठरत नाही. जुळणारे कार्ड आवृत्ती विचारताच साउंड ब्लास्टरचाच अंक सांगते. तसे सांगितले नाही तर खेळ चालत नाहीत. त्याचे उत्तर त्याने घेतलेली भूमिका सांगते, त्याचे कुळ सांगत नाही. उलट, नाव एक असूनही वस्तू दोन असू शकतात. १९९१ च्या साउंड ब्लास्टर प्रोच्या पहिल्या रूपात, सीटी १३३० मध्ये, दोन वायएम ३८१२ आहेत. पुढील सीटी १६०० मध्ये त्यांच्या जागी एकच ओपीएल-३ आहे. डावा व उजवा स्वर वेगळा करण्याची रीत दोहोंत भिन्न आहे. ‘साउंड ब्लास्टर प्रो’ एवढीच नोंद करणाऱ्याने संगीताच्या अभ्यासकाला उपयोगी पडणारी गोष्ट गाळलेली असते.

५

एक उदाहरण घेऊन हा विचार पुरा करू. समजा, सोळा बिटांचे एक कार्ड आहे. त्यावर जंपर नाहीत, कंपनीचे नाव नाही व परवान्याचा क्रमांकही नाही. मोठ्या चिपवर ‘ईएस १८६८’ अशी अक्षरे आहेत, डाख दिलेल्या चिपांतील सर्वांत अलीकडचा कालांक ९६३८ आहे, आणि विचारणा केली असता प्लग अँड प्लेचे उत्तर ‘ईएसएस १८६८’ असे येते. चिपचा लेख व तिचे उत्तर ही दोन स्वतंत्र साधने जुळली. तेव्हा चिप ईएसएस कंपनीची, हे निश्चित. तिच्यातील संगीताचा भाग ओपीएल-३ शी जुळणारा असला तरी ईएसएसची स्वतःची रचना आहे. म्हणजे येथे ऐकू येणारा स्वर यामाहाचा नव्हे. कार्ड १९९६ च्या सप्टेंबरच्या मध्यापूर्वीचे नाही. बोर्ड कोणी बनविला, हे मात्र या पुराव्यावरून ठरत नाही, आणि ओढूनताणून ठरवूही नये. ‘ईएसएस १८६८ चिपचे, अज्ञातकर्तृक’ ही नोंद अपुरी दिसली तरी खरी आहे, आणि त्या कार्डाला योग्य ड्रायव्हर मिळवून देण्यास तेवढी पुरेशी आहे.

तात्पर्य, ‘हे कार्ड कोणाचे?’ या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले आहेत : चिप कोणाची, बोर्ड कोणाचा, मान्यता कोणी घेतली आणि विक्री कोणी केली. प्रत्येक खूण यांपैकी एखाद्याच प्रश्नाचे उत्तर देते, आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो. म्हणून संग्रहाच्या नोंदवहीत या चार गोष्टींसाठी चार स्वतंत्र रकाने असावेत, आणि जे ठरले नाही त्याचा रकाना रिकामा ठेवावा. कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे स्वच्छ करण्यापूर्वी घ्यावीत. चिकटविलेला कागद मळका दिसला तरी काढून टाकू नये. त्यावरील नाव खोटे असले, तरी ते कोणी व का दडविले याचा तोच एकमेव अस्सल दाखला असतो.