एका तबकडीचे अनेक धनी

वाड्याची वाटणी झाली म्हणजे चौकात भिंत उभी राहते, शेताची झाली म्हणजे बांध पडतो. वाटणी डोळ्यांना दिसावी, हा जुना दंडक. परंतु १९६०नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी एक वाटणी अशी झाली की, तिच्यात भिंत नव्हती आणि बांधही नव्हता. होती ती केवळ एक वही. विशेष हे की, ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला, तो त्याला तुकडा वाटतच नव्हता. आपल्याला एक अखंड तबकडी मिळाली आहे, अशाच समजुतीने प्रत्येकाचे यंत्र चालत असे. हल्ली ज्यांना आभासी यंत्रे म्हणतात, त्यांना जोडावयाच्या आभासी तबकडीचे मूळ ह्या वाटणीत सापडते.

येथे तबकडी म्हणजे गाण्याची नव्हे, तर संगणकाची. मराठीत त्या काळी ज्याला गणकयंत्र म्हणत, त्याची स्मरणवही. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशा तबकड्यांचे पहिले यंत्र बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत, आणि एक टनाहून अधिक वजनाच्या ह्या धुडावर पन्नास लाख अक्षरे मावत. आठ वर्षांनी आलेले ‘२३११’ हे यंत्र पुष्कळच सुटसुटीत होते. त्यातील तबकड्यांचा गठ्ठा बाहेर काढून दुसरा बसवता येई. त्या गठ्ठ्याला लिहिण्याजोगे दहा पृष्ठभाग असत, प्रत्येक पृष्ठभागावर दोनशे वर्तुळे, आणि प्रत्येक वर्तुळात ३,६२५ अक्षरे. एकूण बेरीज साडेबहात्तर लाख. दहाही पृष्ठभागांवरची एकाखाली एक येणारी वर्तुळे मिळून जो उभा नळा कल्पिता येतो, त्याला ‘सिलिंडर’ असे नाव आहे. पुढील सारी हकीकत ह्या दोनशे सिलिंडरांच्या वाटपाची आहे.

वाटणीची गरज पडली ती यंत्र महाग आणि माणसे अनेक, ह्या कारणाने. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही कल्पना मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो ह्यांनी १९६१ साली प्रत्यक्ष करून दाखविली होती. मात्र १९६४ साली त्याच विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट मॅक’ने आपल्या पुढील मोठ्या योजनेसाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र पसंत केले. हा घाव आयबीएमला चांगलाच लागला. त्याच वर्षी कंपनीने केंब्रिजमध्ये, प्रोजेक्ट मॅकच्याच इमारतीत, नॉर्मन रॅस्मुसेन ह्यांच्या हाताखाली एक छोटे संशोधन केंद्र काढले. तेथे रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो व त्यांचे थोडे सहकारी ह्यांनी वेगळाच मार्ग धरला. एका यंत्रावर अनेक माणसे बसविण्याऐवजी प्रत्येक माणसाला स्वतःचे संपूर्ण यंत्र द्यावयाचे, मात्र ते भासापुरते! ‘सीपी-४०’ नावाची ही नियंत्रक प्रणाली जानेवारी १९६७पर्यंत रोजच्या वापरात आली. तिच्यावर चौदा आभासी यंत्रे चालत, आणि त्या प्रत्येकाला २५६ हजार अक्षरांची स्मृती आहे असे भासे. खऱ्या यंत्राची सगळी स्मृती तेवढीच होती.

स्मृतीचा भास उभा करणे कठीण खरे, पण तिच्यातला मजकूर क्षणिक असतो. तबकडीवर जे लिहिले जाते ते दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे सापडले पाहिजे. चौदा जणांना चौदा तबकडीयंत्रे देणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून सीपी-४० आणि तिच्यानंतरची सीपी-६७ ह्या घराण्यात ‘मिनिडिस्क’ जन्माला आली. समजा, एखाद्याच्या नावावर ६० ते ७९ हे वीस सिलिंडर लिहून दिले. त्याच्या यंत्राला आपली तबकडी शून्यापासून एकोणिसापर्यंत आहे असेच दिसणार. त्याने पाचवा सिलिंडर मागितला की नियंत्रक त्यात साठ मिळवून खऱ्या पासष्टाव्याकडे बोट दाखविणार. त्याने पंचविसावा मागितला, तर तसा सिलिंडर तबकडीवर नाहीच, असे उत्तर मिळणार. शेजाऱ्याचे घर बंद आहे असे नव्हे, तर शेजारच नाही! एक बेरीज आणि एक तुलना, एवढ्यावर ही सगळी मालकी उभी होती.

प्रत्यक्षात काम इतके सोपे नव्हते. त्या यंत्रांत तबकडीशी बोलण्याचे काम मुख्य गणकाकडे नसून ‘चॅनेल’ नावाच्या स्वतंत्र भागाकडे असे. त्याच्या हाती आज्ञांची एक यादी दिली की तो आपल्या वाटेने निघून जाई; मग त्याला मधेच थांबवून पत्ता दुरुस्त करण्याची सोय नसे. म्हणून नियंत्रकाला ती यादी आधीच उतरवून घ्यावी लागे, तिच्यातील प्रत्येक पत्ता तपासून बदलावा लागे, आणि मूळ यादीऐवजी ही शुद्ध केलेली नक्कल चॅनेलला द्यावी लागे. पण काही कार्यक्रम असे होते की, त्यांची यादी चालता चालताच स्वतःला बदलत असे. बदल मूळ प्रतीत व्हावयाचा आणि काम नकलेवरून चालावयाचे! आयबीएमच्याच एका फाइलपद्धतीत ही खोड होती, आणि पुढे व्हीएम/३७० ह्या प्रणालीत अशा वापरकर्त्याच्या नावापुढे तशी वेगळी नोंद करण्याची तरतूद ठेवावी लागली. भास निर्दोष असावा म्हणून किती बारीकसारीक गोष्टींची राखण करावी लागते, ह्याचा हा चांगला नमुना आहे.

व्हीएम/३७० ऑगस्ट १९७२मध्ये जाहीर झाली. तिच्यात प्रत्येक मिनिडिस्कसाठी नोंदवहीत एक ओळ असे: कोणत्या गठ्ठ्यावर, कोणत्या सिलिंडरपासून, किती, आणि दुसऱ्याने पाहावयाची असेल तर परवलीचा शब्द कोणता. कार्यप्रणाली ज्या तबकडीवर असे ती सर्वांना सामाईक, पण केवळ वाचण्यापुरती. स्वतःची तबकडी मात्र ज्याची त्याला. व्यवस्था देखणी होती, तरी तिचा प्राण त्या वहीत होता. दोन ओळींत एकच सिलिंडर चुकून दोघांच्या नावे पडला तर वही भरणारा कार्यक्रम हरकत घेत नसे. मग दोन्ही यंत्रे आपापल्या हक्काने त्याच जागी लिहीत, आणि कोणाचा मजकूर कोणी पुसला हे कळेपर्यंत दोघांचेही नुकसान होऊन जाई. गावच्या दप्तरात एकच सर्व्हे नंबर दोन खात्यांवर चढला म्हणजे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. येथे तर कज्जा चालविण्याइतकाही पुरावा मागे राहत नसे. असे आडवे आलेले तुकडे हुडकण्यासाठी मग नकाशा काढणारा वेगळा कार्यक्रम वापरीत.

ह्यानंतर मोठ्या यंत्रांचे राज्य ओसरले आणि टेबलावरच्या लहान संगणकांचे दिवस आले. त्यांच्यावर आभासी यंत्र उभे करणे बराच काळ अवघड मानले जात होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून मेंडेल रोझेनब्लम, डायअॅन ग्रीन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी काढली, आणि १९९९ साली तिचे पहिले उत्पादन आले. तेथे तबकडीच्या वाटणीचे स्वरूप पालटले. आता सिलिंडर मोजून द्यावयाचे नव्हते. खऱ्या संगणकावरची एक साधी फाइल हीच पाहुण्या यंत्राची संपूर्ण तबकडी झाली. ती उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येई, तिची प्रत करता येई.

आणि येथेच एक नवी मुभा मिळाली. ह्या काळातल्या कनेक्टिक्स कंपनीच्या पद्धतीत, जी २००३ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, तबकडी उभारण्याचे दोन मुख्य मार्ग होते. एक ठरीव आकाराचा: शंभर गिगाबाइट सांगितले की तेवढी जागा तत्काळ अडकते. दुसरा वाढत्या आकाराचा: सांगावयाचे शंभर, पण पाहुणा जेथे लिहील तेवढाच दोन मेगाबाइटांचा तुकडा द्यावयाचा आणि त्याची नोंद एका कोष्टकात ठेवावयाची. मिनिडिस्कमध्ये वही सांगे तेवढे सिलिंडर खरोखर अस्तित्वात असत. वाढत्या तबकडीत मात्र वचन आधी आणि जमीन मागाहून. पाचशे गिगाबाइटांच्या खऱ्या तबकडीवर शंभरांच्या दहा तबकड्या खुशाल उभ्या राहतात आणि महिनोन्महिने काही बिघडत नाही. मग एके दिवशी खरी जागा संपते. पाहुण्या यंत्राला आपल्याकडे साठ गिगाबाइट शिल्लक दिसत असतात, तरीही त्याचे लिखाण अडते, आणि दोष कोठे आहे हे त्याला आतून कळण्याचा मार्ग नसतो. पाहुण्याने जुना मजकूर पुसला म्हणून फाइल आपोआप लहान होतेच असेही नाही. तो केवळ आपल्या सूचीवर काट मारतो, धन्याला तसे वेगळे कळवावे लागते. शिवाय जागा वाढवीत असताना वीज गेली तर कोष्टकच अर्धवट राहण्याची भीती. २०१२ साली आलेल्या सुधारित पद्धतीत कोष्टकातला प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत टिपून ठेवण्याची सोय झाली, आणि दोन टेराबाइटांची जुनी मर्यादा चौसष्टांपर्यंत गेली.

बँकेची खाती असोत की रुग्णालयाची कागदपत्रे, ती कोणत्या मार्गाने उभारलेल्या तबकडीवर ठेवावी, हा निर्णय बहुधा उभारणीच्या वेळी एका चौकटीत खूण करून घेतला जातो. तो घेणाऱ्याने खऱ्या तबकडीवरची शिल्लक रोज पाहण्याचे काम कोणावर तरी सोपविले असेल तर वाढत्या आकाराची तबकडी काटकसरीची ठरते. ते काम कोणाचेच नसेल, तर ठरीव आकार महाग वाटला तरी तोच बरा.

कनेक्टिक्स कंपनी पुढे उरली नाही. परंतु तिच्या पद्धतीच्या प्रत्येक फाइलीत शेवटच्या ५१२ अक्षरांच्या आरंभी ओळख पटविणारा एक शब्द असतो. त्याला जागा आठच अक्षरांची. कंपनीच्या नावात इंग्रजी अक्षरे नऊ. तेव्हा त्यातला एक ‘एन’ गाळून ते नाव तेथे कोरलेले आहे, आणि तारखांची गणती १ जानेवारी २०००पासून सेकंदांत चालते.