वंशावळींच्या नकला

घराण्याच्या नोंदी छापल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून त्या कोणाच्या तरी पोटापाण्याशी बांधलेल्या होत्या. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारोदार फिरून यजमानांच्या पिढ्या म्हणून दाखवीत आणि धान्य पदरात घेऊन पुढच्या गावाला लागत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी तेच काम कागदावर केले. रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगितले की आजही त्यांची लांबोडकी वही उघडते. पणजोबा कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, त्यांना भाऊ किती, मुलगे कोण, हे तीत सापडते. कधी खाली खुद्द पणजोबांची मोडी सहीही दिसते. लेकीसुनांची नावे मात्र फार थोडी, आणि ही उणीव मला नेहमी खुपते. वही म्हणजे उपाध्यायाची वृत्ती. ती वारशाने येई, भावाभावांत वाटली जाई, तिच्यावरून तंटेही होत. पाने जीर्ण झाली की नवी नक्कल उतरवली जाई, कारण वही गेली तर यजमानही गेला.

नोंदी जपण्याची अशीच धडपड पाहायला इथून आपण १८९४ सालच्या सॉल्ट लेक सिटीत जाऊ. मॉर्मन पंथीयांनी त्या वर्षी युटाची वंशावळ संस्था स्थापन केली. मृत पूर्वजांसाठीही धर्मसंस्कार करता येतो अशी त्यांची श्रद्धा, आणि संस्कारासाठी पूर्वजाचे नाव ठाऊक असावे लागते. त्या श्रद्धेपोटी १९३८ पासून ही मंडळी देशोदेशीची चर्चची आणि सरकारी दप्तरे मायक्रोफिल्मवर उतरवू लागली. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा येथील पंड्यांच्या वह्याही त्यांच्या कॅमेऱ्याखालून गेल्या. रिळे ठेवण्यासाठी त्यांनी ग्रॅनाइटचा डोंगर पोखरला. १९६५ साली पूर्ण झालेल्या त्या कोठारावर सुमारे २०० मीटर खडक आहे, दरवाजे अणुस्फोट सोसतील असे आहेत, आणि आतली हवा थंड व कोरडी राखली जाते. तरीही जुनी ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, ती आक्रसते, आणि मग वेळेत नक्कल करून घेणे एवढाच इलाज उरतो. सुमारे २४ लाख रिळे स्कॅन करण्याचे त्यांचे काम २०२१ मध्ये संपले. डोंगर पोखरणाऱ्यांचीही नकलेतून सुटका झाली नाही.

त्याच संस्थेच्या परंपरेत १९८४ साली जेडकॉम जन्मला. वेगवेगळ्या संगणक-प्रणालींना एकमेकींच्या वंशावळी वाचता याव्यात म्हणून ठरवलेली ही साधी मजकुराची फाइल. प्रत्येक ओळीच्या आरंभी ०, १, २ असा पातळीचा आकडा, मग खुणेचा शब्द, मग नाव किंवा तारीख. त्या मंडळींची स्वतःची वंशावळ-प्रणाली २०१३ मध्ये बंद झाली, पण फाइल कुठल्याही साध्या संपादकात अजून उघडते. तिच्या साधेपणाचे हे मोठे यश. मात्र जेडकॉमची मूळ वर्णसारणी लॅटिन अक्षरांपुरती होती. देवनागरीला तीत जागाच नव्हती.

आपल्याकडे तोवर कुलवृत्तांतांची परंपरा रुजली होती. कुलमंडळे पत्रे पाठवून माहिती मागवीत, शाखा जुळवीत, आवृत्त्या काढीत. नव्वदच्या दशकात हे काम डीटीपीवर आले: पेजमेकर आणि श्रीलिपीसारखे फॉण्ट. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली होती, पण छापखान्यांत ती पोचायला फार वेळ लागला. त्या जुन्या फॉण्टांत मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असे. फॉण्ट हरवला की ‘गोविंद विठ्ठल’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. पेजमेकरचा विकासही २००४ मध्ये थांबला. २०२१ च्या जेडकॉम ७ मध्ये युनिकोड सक्तीचे झाले, तेव्हा मराठी नावांना तिथे पक्की जागा मिळाली. पण आपली आधीची फाइल त्याने आपोआप वाचनीय होत नाही.

अशा फाइलींच्या सीड्या कुलमंडळांच्या कपाटांत पडून आहेत, आणि वहीला जसा वारस असे तसा त्यांना कोणी नेमलेला नाही. रूपांतर करणाऱ्या प्रणाली मिळतात, तरी जोडाक्षरे आणि रफार त्यांत चुकू शकतात. खरे नाव कोणते हे सांगू शकणारी, त्या काळी प्रुफे तपासलेली माणसे आता थकली आहेत. कुलमंडळाच्या येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा: प्रुफे तपासलेल्या त्या माणसांना शेजारी बसवून फाइल युनिकोडमध्ये आणावी, नकला निरनिराळ्या गावांतल्या तीन घरी ठेवाव्यात, आणि दर पाच वर्षांनी त्या उघडून पाहण्याचे काम एका तरुण सभासदाच्या नावावर लिहून द्यावे.