गवताच्या बाजारातला खांब

श्रोतेहो, माझा जन्म इंदूरचा. आमचे आजोबा होळकर दरबारच्या नोकरीत होते. माणिकबाग राजवाड्याच्या गोष्टी ते रंगवून सांगत. तिथलं परदेशी सामान, तिथले दिवे, आणि काळ्या नि पांढऱ्या संगमरवराचे दोन उंच, निमुळते दगड. ‘त्याला पक्षी म्हणायचे,’ आजोबा सांगत, आणि वर हसत, कारण त्या पक्ष्यांना ना चोच होती, ना पंख. त्या पक्ष्यांचा माग काढत मी पुढे कित्येक वर्षांनी रुमानिया देशातल्या एका लहान गावी जाऊन पोचलो. त्या गावाची गोष्ट आज मी तुम्हाला सांगणार आहे.

गावाचं नाव तिर्गु झिऊ. कार्पेथियन पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी, झिऊ नदीच्या काठी वसलेलं हे जिल्ह्याचं ठिकाण. वस्ती आजही लाखाच्या आतच. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१६ मध्ये, जर्मन फौज या गावाच्या वेशीवर आली. नियमित सैन्य पुरेसं नव्हतं. तेव्हा पोलीस, म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी पोरं नदीच्या पुलावर उभी राहिली आणि त्यांनी शत्रूला मागे रेटलं. हे यश फार टिकलं नाही. पुढच्याच महिन्यात गाव पडलं. पण पुलावरचा तो दिवस गाव विसरलं नाही.

स्मारकाचा विषय पुढे नेला तो गोर्झ जिल्ह्यातल्या महिलांच्या संघटनेने. तिच्या अध्यक्षा होत्या आरेतिया तातारेस्कू. त्यांचे पती त्या काळात देशाचे पंतप्रधान होते आणि कामाला पैसा नि जागा मिळाली त्यात या गोष्टीचा वाटा होताच, हे सांगायला हवं. पण पंतप्रधानांच्या पत्नीने मनात आणलं असतं तर चौकात संगीन रोखलेला एक ब्राँझचा शिपाई बसवून मोकळं होता आलं असतं. युरोपातल्या असंख्य गावांनी तेच केलं होतं. या बायकांनी मिलित्सा पेत्राश्कू या शिल्पकर्तीला विचारलं आणि तिने आपल्या गुरूचं नाव सुचवलं. ते नाव होतं कॉन्स्तांतिन ब्रांकुशी.

ब्रांकुशी याच मुलखातला. १८७६ साली जवळच्या होबित्सा खेड्यात शेतकरी घरात जन्मलेला. लहानपणी मेंढरं राखली, लाकूड कोरायला शिकला आणि १९०४ मध्ये पॅरिसला पोचला. १९३० च्या दशकात त्याचं नाव जगभर झालं होतं. गावाकडून बोलावणं आल्यावर त्याने ते स्वीकारलं आणि या कामाचा मोबदला घेतला नाही.

त्याने गावाला एक पुतळा दिला नाही, चालायची एक वाट दिली. नदीकाठच्या बागेत ती सुरू होते. तिथे दगडाचं एक गोल मेज आहे आणि त्याभोवती बारा दगडी बैठका आहेत, वाळूच्या घड्याळाच्या आकाराच्या. मेजावर काही नाही, बैठकांवर कोणी नाही. लढाईला निघण्यापूर्वी शिपाई एकत्र जेवले, त्याची ही आठवण, असं तिथली माणसं सांगतात. त्या भागात मृताच्या नावाने पंगत वाढायची रीत आहे. आपल्याकडे तेराव्याला पान मांडतात, ते ज्याने पाहिलं असेल त्याला हे मेज समजावून सांगावं लागत नाही.

मेजापासून पुढे दोन्ही कडांना दगडी बैठकांची रांग लागते आणि ती तुम्हाला एका कमानीपाशी आणून सोडते. पाच मीटरहून थोडी उंच अशी ही ‘चुंबनाचं द्वार’ नावाची कमान. तिच्या खांबांवर दोन अर्धवर्तुळं एकमेकांना भिडलेली आहेत. नीट पाहिलं की तो एकमेकांना बिलगलेल्या दोन माणसांचा डोळा वाटू लागतो. निरोप घेणारी माणसं म्हणा, पुन्हा भेटलेली म्हणा.

द्वारातून बाहेर पडलं की वाट गावात शिरते. हा ‘वीरांचा रस्ता’. दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, रहदारी. मध्येच संत पीटर आणि पॉल यांचं चर्च लागतं. मी चाललो तेव्हा पुढून मागून माणसं आपापल्या कामाला चालली होती. सव्वा किलोमीटरहून अधिक चालून गेल्यावर, जिथे पूर्वी गवताचा बाजार भरायचा त्या मोकळ्या माळावर, तो खांब उभा आहे. ‘अनंत स्तंभ’.

उंची २९ मीटरहून जास्त. शंकरपाळ्याच्या आकाराचे ओतीव लोखंडाचे १५ पूर्ण मणी आणि वर-खाली अर्धे, सगळे आतल्या पोलादी कण्यात ओवलेले. हे मणी डोंगरापलीकडच्या पेत्रोशानीच्या कारखान्यात ओतले गेले आणि श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्झान या इंजिनिअरने उभारणीचा हिशेब सांभाळला. वरून पितळेचा मुलामा. वरचा मणी मुद्दामच अर्धा ठेवला आहे, म्हणजे खांब संपला असं डोळ्याला वाटतच नाही. असे कोरीव लाकडी खांब त्या भागातल्या घरांच्या ओसरीला असतात आणि थडग्यांवरही रोवतात. म्हणजे जगाने ज्याला आधुनिक म्हटलं, ते गावाला घरचंच होतं.

संपूर्ण वाटेवर एकाही वीराचा चेहरा नाही.

१९३७ च्या नोव्हेंबरात खांब उभा राहिला आणि त्यानंतर ब्रांकुशी आला थेट आपल्या इंदूरला! महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी त्याचे तीन पक्षी घेतले होते आणि त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचा मनसुबा होता. आत पाणी, आणि पाण्याभोवती ते पक्षी. महाराणी संयोगिताबाई १९३७ सालीच वारल्या होत्या. जानेवारी १९३८ मध्ये ब्रांकुशी इंदुरात होता, पण मंदिराचं काम सुरूच झालं नाही. तो परत फिरला, आणि २७ ऑक्टोबर १९३८ रोजी तिर्गु झिऊची वाट लोकांसाठी खुली झाली. आजोबांनी पाहिलेले दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत. जे एका महाराजांच्या मनात राहून गेलं, ते एका लहान गावातल्या बायकांनी तडीस नेलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. कम्युनिस्ट राजवटीला ही कला नकोशी होती. १९५० च्या दशकात धातू मोडीत काढण्यासाठी खांबाला ट्रॅक्टर जुंपून ओढलं, पण तो पडला नाही, असं गावात सांगतात. १९५७ मध्ये पॅरिसला ब्रांकुशी वारला. आपलं शिल्पघर त्याने मायदेशाला देऊ केलं होतं, ते नाकारलं गेलं, आणि शेवटी ते फ्रान्सला मिळालं. मायदेशाचं मत पालटलं ते साठच्या दशकात. तोवर आतल्या पोलादाला गंजाचं भय होतंच. १९९६ मध्ये मणी उतरवले गेले आणि २००० साली दुरुस्त होऊन खांब पुन्हा झळकला.

आणि जुलै २०२४ मध्ये या वाटेला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. तो निर्णय झाला कुठे? नवी दिल्लीत, कारण त्या वर्षी जागतिक वारसा समितीची बैठक तिथे भरली होती. बातमी वाचताना मला आजोबा आठवले.

श्रोतेहो, आपल्याकडेही प्रत्येक गावात स्मारकं आहेत. बहुतेकांभोवती लोखंडी कठडा असतो, फाटकाला कुलूप असतं, आणि ते जयंती-पुण्यतिथीला उघडतं. एरवी आपण त्याला वळसा घालून जातो. तिर्गु झिऊला वळसा घालता येत नाही, कारण स्मारक म्हणजे रस्ताच आहे. भाजी आणायला निघालेली बाई त्यावरूनच चालते. तुमच्या गावात स्मारकाची बैठक बसेल, तेव्हा पुतळ्याची उंची किती, हा प्रश्न निघेलच. त्याआधी एक प्रश्न तुम्ही विचारा : रोज इथून कोण चालत जाणार आहे?