शंखचूर्ण व सफेता : मानसोल्लासांतील मिश्रवर्णांविषयीं

चित्रास आरंभ करण्यापूर्वीं मिश्र रंग सिद्ध करून ते रंगफळीवर क्रमानें मांडणें हा तैलचित्रकारांचा परिपाठ पाश्चात्त्य चित्रविद्येबरोबर आपल्याकडे आला. परंतु वर्णमिश्रणाचें शास्त्र आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनें आहे. कल्याणीचा (हल्लींचें बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि या ग्रंथांत तें स्पष्ट सांगितलें आहे. ग्रंथांत शके 1051 चा निर्देश असल्यानें काळाविषयीं संशय उरत नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेल्या प्रतीचा दुसरा भाग (1939) जिज्ञासूंनीं पाहावा.

सोमेश्वर प्रथम शुद्ध वर्ण सांगतो : शंखाचा पांढरा, दरदाचा म्हणजे हिंगुळाचा, अळित्याचा व गेरूचा असे तीन तांबडे, हरताळाचा पिवळा आणि काजळाचा काळा. पुढें मिश्रणें येतात. हिंगुळांत शंखचूर्ण घातल्यास रक्तकमळाची छटा, काजळांत घातल्यास धुराची. निळींत हरताळ मिळविल्यास हिरवा. बंधनद्रव्य वज्रलेप, म्हणजे म्हशीचें कातडें शिजवून केलेला सरस.

येथें एक भेद ध्यानीं ठेवावा. सरस वाळल्यावर शंखाच्या कणांमध्यें हवा राहते, त्यामुळें प्रकाश परत फिरून रंग शुभ्र दिसतो. अळशीच्या तेलांत तेंच चूर्ण भिजलें कीं मळकट व जवळजवळ पारदर्शक होतें. म्हणूनच तैलचित्रकारांनीं शिशाचा सफेता पत्करला. अर्थात् सोमेश्वराचीं मिश्रणें तैलफळीवर जशींच्या तशीं उतरत नाहींत.

अजिंठ्याचें उदाहरण बोलकें आहे. तेथील चित्रेंही कोरड्या गिलाव्यावर सरसासारख्या बंधनद्रव्यानें काढलेलीं. रॉबर्ट गिल यानें 1844 पासून व ग्रिफिथ्स यानें मुंबईच्या चित्रशाळेच्या विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 पर्यंत त्यांच्या तैलप्रती केल्या. गिलच्या बहुतेक प्रती 1866 त आणि ग्रिफिथ्सच्या पुष्कळशा 1885 त लंडनकडील आगींत जळाल्या. मूळ भिंतींवर त्या वेळीं चढविलेलें रोगण मात्र राहिलें व पिवळें पडलें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती कीं, सचित्र पोथी उजळावी या मोहानें तीस तेल वा रोगण लावूं नये. एकदां तें मुरलें कीं शंखाचा पांढरा सहसा परत मिळत नाहीं आणि त्याच्या आधारानें उभ्या असलेल्या सर्व हलक्या छटाही जातात. सूचींत केवळ ‘लाल’, ‘पिवळा’ असें न लिहितां हिंगूळ कीं गेरू, हें तज्ज्ञाकडून ठरवून नोंदवावें. शिवाय हरताळ हें सोमलाच्या जातीचें विष आहे. लेखकांनीं तें चुका झांकण्यासही वापरलें आहे. तेव्हां पानें उलटतांना बोट जिभेस लावूं नये.