‘आढळले नाही’ या वाक्याचा इतिहास

आमच्या सावनेर परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. कोळशातही युरेनियम व थोरियम यांचा अत्यल्प अंश असतो. किरणोत्सार केवळ अणुभट्टीतूनच येतो असे नाही. त्याच्या अल्प मात्रेने पेशीतील जनुके बदलतात काय, या प्रश्नाचा इतिहास भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे.

क्ष-किरणांमुळे फळमाशीत उत्परिवर्तने घडतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये दाखविले. मात्र त्यांनी वापरलेल्या मात्रा मोठ्या होत्या. अल्प मात्रेच्या अभ्यासाला निसर्गानेच केरळच्या किनाऱ्यावर स्थळ दिले. तेथील वाळूत मोनाझाइट आहे आणि त्यात थोरियम. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९५ पासून तेथील नवजात अर्भकांची तपासणी केली. किरणोत्सारामुळे जन्मजात व्यंगांत लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले नाही. २००२ मध्ये लुसी फॉर्स्टर व सहकाऱ्यांनी मात्र त्याच किनाऱ्यावरील कुटुंबांच्या तंतुकणिकांतील डीएनएमध्ये उत्परिवर्तने अधिक असल्याचे नोंदविले.

यात विसंगती नाही. एकाने देह पाहिला, दुसऱ्याने अक्षर. अक्षर बदलले म्हणजे अर्थ बिघडतोच असे नाही, हे पाठभेद अभ्यासणाऱ्यांना सांगणे नलगे. परंतु ‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ असेही नव्हे. पहिल्या विस्मरणातून भय जन्मते, दुसऱ्यातून बेफिकिरी. राखेच्या ढिगाशेजारी राहणाऱ्या माणसाला दोन्ही परवडणारी नाहीत.